यंदा फुलं कमी आलीत

शुक्रवारी आमच्या गल्लीतली माणसं उगाचच ओरडून बोलायची. आठवड्याचे बाकीचे सगळे दिवस चाळीच्या मागच्या भिंतीला लागून असलेले कापडाचे लूम खटाखट चालू असायचे, दिवसपाळी आणि रातपाळी, आणि त्या आवाजाच्या वरताण बोलायची घशाला सवय झालेली. शुक्रवारी मात्र भिवंडीतले लूम बंद. कारखान्यांना त्या दिवशी वीज नसायची, त्यामुळं आमचा रविवार शुक्रवारी यायचा. पण घशाला हे कोण सांगणार? शेजारच्या घरात कुणी मीठ मागितलं तरी चार घरांना कळायचं, की यांच्याकडचं मीठ संपलंय. नवख्या पाहुण्याला वाटायचं, इथं भांडण चाललंय. मी लग्न होऊन सासरी गेले तेव्हा सासूबाईंनी आठवडाभर वाट पाहून हळूच विचारलं होतं, "तुला माझा काही राग आलाय का?" मी म्हटलं, नाही हो, मी भिवंडीची आहे.

आमचं घर दोन खोल्यांचं. आप्पा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. ताई लग्न होऊन खारबावला गेलेली, त्यामुळं त्या उन्हाळ्यात घरात आम्ही तिघंच होतो. आप्पा, आई आणि दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेली मी. आई मेंडिंगला जायची. लूमवरून उतरलेला कोऱ्या कापडाचा ताका काचेच्या उतरत्या टेबलावरून ओढायचा, काचेखाली ट्यूबलाइट लावलेली, आणि कुठं धागा तुटलाय, कुठं गाठ आलीय, कुठं जाळी पडलीय ते हेरून सुई आणि चिमट्यानं तिथल्या तिथं दुरुस्त करायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोळ्यांपुढं पांढरं, नुसतं पांढरं. घरी यायची तेव्हा केसांवर आणि भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू बसलेले असायचे, आणि मी लहान असताना मला वाटायचं की आई रोज संध्याकाळी म्हातारी होते आणि सकाळी तोंड धुतलं की परत तरणी होते. ती म्हणायची, "दिवसभर नुसता भात खाल्ल्यासारखं व्हतं गो. तोंडी लावायला काय न्हाय." म्हणून शुक्रवारी संध्याकाळी ती डोळ्यांना तोंडी लावणं शोधायला निघायची, आणि मला बरोबर घ्यायची.

शुक्रवारी दुपारी आई डोक्यावरून न्हायची. तेवढाच एक दिवस तिचे केस खरे काळे दिसायचे. ऊन कललं की धुवट सुती पातळ नेसायची, चहाची भांडी विसळून पालथी घालायची आणि चपला पायात सरकवता सरकवता म्हणायची, "चल." कुठं, ते कधी सांगायची नाही. आप्पांना दर वेळी आमंत्रण मिळायचं आणि ते दर वेळी म्हणायचे, "आठवडाभर गाड्यांखाली झोपतो मी, आज खाटेवर झोपू दे." चाळ, लूमच्या शेडी, म्हशींचा गोठा असं एकेक मागं टाकत आम्ही वडपे गावाच्या अंगाला जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागायचो. एका बाजूला उघडी पडलेली भातखाचरं, दुसऱ्या बाजूला काटेरी कुंपण आणि झुडपं, मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. आता तिथं गोदामं आहेत. पत्र्याची, निळी-पांढरी, एकाला लागून एक, आणि पुढं कंटेनरची रांग. माझा भाचा तिथल्याच एका गोदामात सुपरवायझर आहे, चांगलं कमावतो, त्यामुळं मला फार बोलताही येत नाही.

आईचं फुलं बघणं हे भाजीबाजारात वांगी निवडण्यासारखं होतं. ती कुणाचंही उगाच कौतुक करायची नाही. रुईपुढं थांबून म्हणायची, "हिला काय, बारा महिने दुसरा उद्योग न्हाय." घाणेरीच्या बाजूनं मात्र भांडायची, "नाव घाणेरी ठेवलं म्हनून काय झालं, एका गुच्छात तीन तीन रंग कुनाला जमलेत?" कुणाच्या तरी बंगल्याच्या कुंपणावरून बाहेर आलेल्या बोगनवेलीला ती 'शेटाणी' म्हणायची. तोडायचं काही नाही, असा तिचा नियम होता. घरातल्या बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवायला एखादं फूल आणायची, तेही खाली पडलेलं, स्वच्छ बघून. संध्याकाळच्या उजेडाचं तिचं एक शास्त्र होतं. "लाल पयलं झोपतं," म्हणायची. "मग पिवळं. पांढरं लई येळ जागं ऱ्हातं." आणि तसंच व्हायचं. गुलमोहर काळा पडला, बहावा विझला, तरी कुड्याची फुलं वाटेच्या कडेनं दिसत राहायची. दिवसभर पांढऱ्याला कंटाळलेली ही बाई कुड्यापाशीच सगळ्यांत जास्त रेंगाळायची, त्याचं मला कोडं होतं. एकदा विचारलं तर म्हणाली, "हे पांढरं येगळं. ह्यात चूक शोधायची न्हाय."

परतीच्या वाटेवर ओढ्याच्या मोरीपाशी बुधीबाय बसलेली असायची. टेकडीवरच्या पाड्यातून ती उतरून यायची, पळसाच्या पानांवर फुलांचे वाटे मांडून. देवाची नाही, भाजीची फुलं. कुड्याची पांढरी आणि बहाव्याची पिवळी. शहरातल्या माणसांना अजून खरं वाटत नाही, पण आम्ही फुलं खाऊन वाढलेली माणसं आहोत. बहाव्याची फुलं उकडून, पिळून, भरपूर कांदा आणि हिरवी मिरची घालून आई परतायची, वरून सुका जवळा भाजून चुरायची, आणि तांदळाच्या गरम भाकरीबरोबर आप्पा ती बघता बघता संपवायचे. कुड्याची भाजी जरा कडवट. ती आईलाच आवडायची. मी नाक मुरडलं की म्हणायची, खा गो, पोट साफ ऱ्हातं. आज पन्नास चवी येतात घरात, माझी सून यूट्यूबवर बघून काय काय करते आणि चांगलं करते, पण उन्हाळ्यातल्या संध्याकाळी माझ्या जिभेला तो कडूपणाच हवा असतो. आणि खरं सांगायचं तर जिभेला नाही, मला ती हवी असते. या वयात आई हवी म्हणणं कुणाला हसण्यासारखं वाटलं तर वाटो.

त्या उन्हाळ्यात आईनं एक पालुपद धरलं होतं. "यंदा फुलं कमी आलीत." पहिल्या शुक्रवारी म्हणाली, मी हो म्हटलं. दुसऱ्या शुक्रवारी म्हणाली, तेव्हाही हो म्हटलं. आणि गंमत अशी, की ती ज्याला ज्याला सांगायची तो मान डोलवायचा. आप्पा म्हणाले, "ट्रकांचा धूर किती वाढलाय बघ ना." आमच्या शेजारच्या, आईबरोबरच मेंडिंगला जाणाऱ्या हमीदाचाची म्हणाल्या, "सोनाबाई, अब किसी चीज में बरकत रही नहीं." चाळीतला एकही माणूस असा निघाला नाही की जो म्हणाला, नाही हो, आहेत की. काहीतरी कमी झालंय म्हटलं की माणसाला ते आपोआप पटतं, त्यासाठी बघायला जावं लागत नाही. फक्त बुधीबायनं नकार दिला. आई तिच्यापुढं उकिडवी बसून वाटा निवडत होती. "यंदा कमीच हाय ना गो रानात?" असं तिनं विचारलं, तर बुधीबाय पाटीकडं हात करून म्हणाली, "न्हाय गो बाय. लय फुल हाय अवंदा. डोंगर पिवलाधमक झालाय." आईनं आपला वाटा उचलला. पुढं आल्यावर मला म्हणाली, "इकायला बसलेली बाई कमी हाय म्हनंल काय कदी?"

त्याच दिवसांत घरात लहानसहान गोष्टी व्हायला लागल्या होत्या आणि आम्ही त्यांच्यावर हसत होतो. आईचा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा. ओट्याच्या कडेला ठेवलेला तांब्या तिच्या कोपरानं खाली यायचा. एकदा गल्लीत सायकलवाल्याचा हँडल तिला लागला आणि तिनंच त्याला झापलं, की माणूस दिसत नाही का. दंडावर काळंनिळं असायचं. आप्पा म्हणायचे, "तुझी आई हल्ली गाडी घासून काढायला लागलीय. नवीन ड्रायव्हर ठेवला काय?" आई हसायची. तिच्या कामात मात्र तिळभर चूक नव्हती. ताक्यातला सुटलेला एक धागा तिच्या नजरेतून निसटायचा नाही, आणि अवघड माल आला की मुकादम तो सोनाबाईंच्याच टेबलावर टाकायचा. मग तिच्या डोळ्यांबद्दल कुणाला शंका का यावी?

आणि मग तो शुक्रवार आला. ऊन आडवं झालं होतं, खाचरांतल्या ढेकळांच्यासुद्धा सावल्या पडल्या होत्या. आई माझ्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल पुढं. ताईकडं आंबे पाठवायचे की नाही यावर तिचं बोलणं चाललं होतं. वाट जिथं वळते तिथं डाव्या कडेला एक बहावा होता. तसा लहानच, पण वाटेवर झुकलेला, आणि त्या दिवशी त्याच्यावर पान म्हणून दिसत नव्हतं. नुसती पिवळी झुंबरं. मागून ऊन येत होतं त्यामुळं प्रत्येक पाकळीतून उजेड गाळून निघत होता, आणि खालची धूळही पिवळी झाली होती. मी चालता चालता थांबले, कारण आई थांबणार हे ठरलेलं होतं. बहाव्यापुढून न थांबता आई कधी गेलेली मला आठवत नाही. ती घाईत असली तरी थांबायची, अंगात ताप असताना थांबलेली मी पाहिली होती. पण ती थांबली नाही. आंब्यांचंच बोलत, सरळ पुढं बघत, त्या झाडाच्या इतक्या जवळून गेली की एक घोस तिच्या पदराला घासला. तिनं पदर सावरला आणि पुढं चालू लागली.

मला आधी वाटलं, चेष्टा करतेय. मी हाक मारली, "आई." ती पूर्ण वळली, आणि वळल्यावर तिला झाड दिसलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तोंड उघडं राहिलं, मग हसली. "अगो, हा कदी फुलला?"

"आता तू इथूनच गेलीस ना," मी म्हटलं.

"ध्यान नव्हतं माजं," ती म्हणाली, आणि परत येऊन नेहमीसारखी कंबरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. "ह्यो एकच बरा फुललाय बघ. बाकी यंदा कमीच."

मी वाटेकडं मागं वळून पाहिलं. आम्ही चालून आलो होतो त्या कडेला कुडा होता, एक नाही, रांगेनं. घाणेरी होती. कुंपणातून कसल्या तरी वेलीची जांभळी फुलं लोंबत होती. मी आजवर तिच्याबरोबर 'हो, कमी' म्हणत आले होते आणि इथं तर पाय ठेवायला जागा नाही एवढी फुलं. तिनं थांबून दाखवल्याशिवाय मीही बघत नव्हते, एवढंच. आई पुन्हा चालू लागली तेव्हा तोडायचं नाही हा नियम मोडून मी बहाव्याचा एक घोस तोडला आणि तिच्या बाजूनं चालायला लागले. घोस मी तिच्या कानाजवळ धरला होता. हात लांब केला असता तर गालाला लागला असता. ती बोलत राहिली. मी तो हळूहळू पुढं नेला, कानापासून गालापर्यंत, गालापासून नाकाच्या रेषेत, आणि तिथं आल्यावर ती एकदम दचकली. "कुठून काढलास हा?" दुसऱ्या बाजूनंही तसंच झालं. त्या वयात मला काचबिंदू हा शब्द माहीत नव्हता, पण माझ्या आईला कडेचं जग दिसत नाही आणि ते तिलाच ठाऊक नाही, एवढं मला त्या वाटेवर कळलं.

मी तिला सांगितलं. ती आधी हसली, मग चिडली. "समोरचं समदं दिसतंय मला. तुज्या नाकावरचा तीळ दिसतोय." मोरीपाशी आल्यावर बुधीबायकडं न बघता पुढं निघाली आणि थोड्या वेळानं, आवाज खाली आणून म्हणाली, "आप्पांना काय बोलू नको. मेंडिंग हे डोळ्याचं काम हाय वंदू. डोळ्याचं नाव काडलं तर उद्या टेबलाशी दुसरी बसंल." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी येईपर्यंत आम्ही दोघी एका शब्दानं बोललो नाही, आणि लूम बंद असल्यामुळं ते गप्प राहणं फारच ऐकू येत होतं.

ताटं घेतली तेव्हा मी आप्पांना सांगून टाकलं. आईनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली, उठली, फळीवरचा सुईचा डबा घेतला आणि आप्पांच्या समोर बसून पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवला. मग दुसरी सुई, सगळ्यांत बारीक नेढ्याची. तीही ओवली. "बोला," म्हणाली. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "दिसतंय की तिला. मला नाय जमायचं हे." तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ती उतरवून मी आप्पांना म्हटलं, तुम्ही तिच्या बाजूला बसा आणि ताट धरा. ते नाइलाजानं उठले. आईला मी समोरच्या भिंतीवरच्या तसबिरीकडं बघायला सांगितलं. आप्पांनी स्टीलचं ताट तिच्या कानाशी धरलं आणि पुढं आणायला लागले, आणि आई तसबिरीकडं बघत विचारत राहिली, "धरलंत का? धरा ना. कवा धरनार?"

आप्पांचा हात हवेत तसाच राहिला. त्यांनी ताट खाली ठेवलं, बराच वेळ ते पुसत बसले, मग म्हणाले, "हेडलाइट चांगले आहेत तुझे. बाजूचे आरसे गेलेत." एवढं बोलून ते मोरीत गेले आणि नळ सोडून तोंड धुवत राहिले. हसवायला म्हणून बोलले होते, हे आम्हाला दोघींनाही कळलं. आई करपलेल्या भाकरीचा काळा भाग नखानं खरवडत होती. ती त्या रात्री माझ्याशी बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही, पण कामावर जाताना तिनं पहिल्यांदा दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि मग बाहेर पाऊल टाकलं.

ती कामावर निघाली की मला धडकी भरायची. मेंडिंगच्या खोलीत पोचायला लूमच्या दोन रांगांमधल्या अरुंद बोळातून जावं लागायचं. दोन्ही कडांना फिरते पट्टे, आपटणाऱ्या काठ्या. इतके महिने ती त्यातून सुखरूप कशी गेली, हे कुणालाच सांगता येणार नाही. शेवटी मीच हमीदाचाचींना सांगितलं. त्यांनी डोळे पुसले, पण जास्त वेळ घालवला नाही. दुसऱ्या सकाळी दारात येऊन आईला म्हणाल्या, "आगे मैं, पीछे तुम. मेरा दुपट्टा पकड़ के चलना." आई म्हणाली, "मैं क्या बच्ची है?" आईचं हिंदी तसंच होतं. चाची म्हणाल्या, "बच्ची नहीं, बला है. पकड़ो." आईनं दुपट्टा धरला. मुकादमाला वाटलं, दोघींची मैत्री फारच वाढलीय.

आप्पांनी रजा टाकली आणि आम्ही तिघं मुंबईच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं एक मशीन होतं, आतून पांढरं, मोठ्या परातीसारखं. त्यात हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडं बघायचं आणि इकडंतिकडं बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगत होत्या. मी दाराच्या फटीतून बघत होते. दिवा लागत होता, विझत होता, कडेला, वर, खाली, परत कडेला. आई ताठ बसली होती, बटणावर अंगठा ठेवून, शाळेतल्या हुशार मुलीसारखी. आणि अंगठा हलत नव्हता. मधेच एकदा दाबायची, मग बराच वेळ काही नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आई, तो बघ, तो बघ. बाहेर आल्यावर ती आप्पांना म्हणाली, "त्यांचं मशीन खराब हाय. सारखं बंद पडतंय. मी आपली वाट बघत बसलेली."

आप्पांनी मान वळवली. मला तिला खरं सांगवेना. ते त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कागदावर एक गोल काढून. गोलाच्या कडा पेन्सिलीनं काळ्या केल्या आणि मधला भाग मोकळा ठेवला. हे गेलं, ते परत येणार नाही. हे राहिलंय, ते थेंब घातले तर राहील. रोज, न चुकता, जन्मभर. मग त्यांनी विचारलं, की बहुतेक लोक मधलंही जायला लागलं की येतात, तुमच्या लक्षात कसं आलं? आई थोडा वेळ त्या गोलाकडं बघत होती. मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "हिनं धरलं. फुलं बघायला गेलेलो तवा." बाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे.

हा रोग रक्तातून येतो म्हणतात, त्यामुळं मी दर वर्षी त्या परातीत हनुवटी टेकवून येते. माझे डोळे अजून ठणठणीत आहेत. गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या स्कूटरवर बसून मी त्या वाटेनं गेले तेव्हा मला फुलं फारच कमी दिसली. माझी तपासणी नुकतीच झालेली होती, तेव्हा दोष डोळ्यांना देता येईना. भाचा म्हणाला, "मावशी, पुढच्या पावसाळ्यात कंपनी झाडं लावणार आहे." मी म्हटलं, लाव बाबा.

दवाखान्यातून आल्यावरच्या शुक्रवारी आई न्हाली, धुवट पातळ नेसली, चहाची भांडी पालथी घातली, पण "चल" म्हणाली नाही. उंबऱ्यावर बसून राहिली. मग आप्पाच खाटेवरून उठले, चपला शोधायला लागले आणि म्हणाले, "चला, आज माझी पण ड्युटी लावा." इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा आले. आम्ही तिघं त्या वाटेला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आईला सांगितलं होतं, की डोळे फिरवून भागणार नाही, आता मान फिरवायची. रस्ता ओलांडताना, जिना उतरताना, गर्दीत. फुलांचं त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

पहिल्या कुड्यापाशी आई थांबली आणि आख्खी डावीकडं वळली, देवळात देवापुढं उभं राहावं तशी. बघितलं. मग आख्खी उजवीकडं वळली. तिथं घाणेरी होती, तीन रंगांची. बघितली. चार पावलं पुढं गेली, पुन्हा थांबली, पुन्हा डावीकडं, पुन्हा उजवीकडं. ती रुईला नावं ठेवत नव्हती, की बोगनवेलीला शेटाणी म्हणत नव्हती. आप्पा तिच्या मागं हात बांधून उभे राहायचे, ती चालली की चालायचे. समोरून येणारा एक गुराखी आमच्याकडं बघत बघत गेला, यांचं काहीतरी हरवलंय असं त्याला वाटलं असणार. बहाव्याशी पोचायला आम्हाला इतका वेळ लागला की पिवळं विझायला आलं होतं. झाड आता निम्मं गळलं होतं, खाली सडा पडला होता. तिनं झाड बघितलं, सडा बघितला, आणि मग ती हळूहळू पूर्ण मागं वळली आणि आम्ही आलो होतो ती सगळी वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मान फिरवत, बघत राहिली. अंधार पडत होता, आणि दोन्ही कडांनी कुडा पांढरा शुभ्र जागा होता.

"कमी न्हाईत गो," ती म्हणाली. तिच्या आवाजात मी जे ऐकलं ते दुःख नव्हतं. ती सुटकेचा श्वास टाकत होती. "लई हायत. मी म्हनत व्हते, फुलंच सरायला लागली काय."

मला हुंदका आवरला नाही. रस्त्याच्या मधोमध मी लहान पोरीसारखी रडायला लागले, आप्पा माझ्या पाठीवर हात ठेवून दुसरीकडं बघायला लागले. आई मला दिसावी म्हणून नाही, तर तिला मी दिसावी म्हणून माझ्या बरोब्बर समोर येऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी तिनं माझा चेहरा धरला.

"रडतेस कशाला येडे," ती म्हणाली. "फुलं हायत ना."